उंची थोडी, घाई फार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा दिवस बक्षिसांचा आहे. थोड्या वेळापूर्वी याच मंचावरून पहिल्या आलेल्या मुलामुलींची नावे पुकारली गेली, टाळ्या झाल्या, मागच्या रांगेत उभे राहून वडीलमंडळींनी मोबाईलवर फोटोही काढले. अशा आनंदाच्या दिवशी विमानाच्या अपघातावर बोलणारा पाहुणा संस्थेने कोठून शोधून आणला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. परंतु ज्या अपघाताविषयी मी बोलणार आहे त्याच्या मुळाशी एक विक्रम होता, टाळ्या होत्या, फोटो होते आणि वयाची आठ वर्षेही पूर्ण न झालेली एक मुलगी होती. म्हणून हा विषय याच दिवशी बोलण्याचा आहे, असे मला वाटले. मी वैमानिक नव्हे. पदार्थविज्ञान शिकविण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे. त्यामुळे मधून मधून वर्गातले बोलणे येईल. ते विद्यार्थ्यांनी ऐकावे आणि पालकांनी सहन करावे.

घटना अमेरिकेतील आहे. दिनांक ११ एप्रिल १९९६. वायोमिंग राज्यातील शायेन या गावच्या विमानतळावरून सकाळी साडेआठच्या सुमारास एक लहान विमान उडाले. सेस्ना १७७ जातीचे, एका इंजिनाचे, चार आसनांचे. आपल्याकडे मोटारगाडीत जेवढी माणसे बसतात तेवढीच त्यात मावतात. आत तिघे होते. पुढे डाव्या हाताला, म्हणजे जिथे वैमानिक बसतो त्या जागी, सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ ही मुलगी. तिच्या उजवीकडे तिचे विमान-प्रशिक्षक, ज्यांच्या मालकीचे ते विमान होते. आणि मागे तिचे वडील. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते विमान विमानतळाजवळच्या वस्तीत, एका घराच्या दारासमोर कोसळले आणि तिघेही जागीच गेले. जमिनीवरच्या कोणाला इजा झाली नाही.

ही मुलगी त्या जागी कशी काय बसली, हे आता सांगावयास हवे. जेसिकाने वयाच्या सहाव्या वर्षी विमानात बसून शिकण्यास सुरुवात केली होती. अपघातापर्यंत तिचे तेहेतीस-एक तास झाले होते. पाय पेडलपर्यंत पोचत नसत म्हणून पेडलांना लांबविणारे जोड लावले होते, आणि समोरच्या काचेतून दिसावे म्हणून खाली उशी ठेवलेली असे. या मुलीने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर विमान चालवीत जावे व परत यावे, आणि असे करणारी ती सर्वांत लहान व्यक्ती ठरावी, अशी वडिलांची योजना होती. कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथून निघायचे, मॅसॅच्युसेट्समधील फॅल्मथपर्यंत जायचे आणि आठ दिवसांत सारा प्रवास पुरा करायचा. वर्तमानपत्रांना कळविले गेले, मुलाखती ठरल्या. एका दूरचित्रवाणी कंपनीने विमानात चित्रण करण्यासाठी कॅमेरा दिला.

येथे एक गोष्ट ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनेस बुकाने 'सर्वांत लहान वैमानिक' हा प्रकार त्याच्या काही वर्षे आधीच बंद केला होता, कारण अशा चढाओढीत अपघात होतील हे त्यांना दिसत होते. म्हणजे जो विक्रम करण्यासाठी एवढी धावपळ चालली होती, तो त्या पुस्तकात नोंदलाच जाणार नव्हता. शिवाय अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे सोळा वर्षांच्या आत कोणालाही एकट्याने विमान उडविता येत नाही, आणि सतरा वर्षांच्या आत खाजगी वैमानिकाचा परवाना मिळत नाही. तेव्हा जेसिका कायद्याच्या दृष्टीने वैमानिक नव्हतीच, शेजारचे प्रशिक्षक वैमानिक होते. ती त्यांच्या विमानातील एक उतारू होती, जिला ते आपल्या देखरेखीखाली चाक धरू देत होते. वर्तमानपत्रांत मात्र 'चिमुकली वैमानिक' असेच छापून येत होते. शब्द किती सहज चिकटतात पाहा.

आता थोडा विज्ञानाचा तास. विमान का पडले, तर ते 'स्टॉल' झाले. स्टॉल म्हटले की आपल्याला उरुसातली बांगड्यांची नि खेळण्यांची दुकाने आठवतात. पण वैमानिकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ फार वेगळा आहे. पुष्कळ लोक समजतात की स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे. मोटारीच्या बाबतीत तसे म्हणतातही. विमानाच्या बाबतीत इंजिन व्यवस्थित गर्जत असताना स्टॉल होतो. बंद पडते ते पंखाचे काम.

तुम्ही एस. टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढला असेल. काढू नये, कंडक्टर ओरडतो, पण काढला असेल. तळवा जमिनीला समांतर धरला तर हवा वरखालून निघून जाते. त्याची पुढची कड किंचित वर उचलली की हात आपोआप वर ढकलला जातो. आणखी थोडी उचलली, आणखी वर. विमानाचा पंख याच रीतीने विमानाला उचलून धरतो. पंखावरून आणि पंखाखालून जाणारी हवा खाली वळविली जाते, व तिच्या बदल्यात पंखाला वर उचल मिळते. पण ही उचल वाढविण्याला सीमा आहे. पंख व समोरून येणारी हवा यांच्यामधला कोन साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला, की वरच्या बाजूची हवा पंखाला चिकटून वाहण्याचे सोडून देते, तिचे भोवरे होतात, आणि उचल एकदम घटते. विमान मग हवेत तरंगण्याऐवजी पडू लागते. याला म्हणतात स्टॉल.

वेग कमी झाला की वैमानिकाला तेवढीच उचल मिळविण्यासाठी पंखाचा कोन वाढवावा लागतो, म्हणजे विमानाचे नाक वर करावे लागते. असे करता करता तो त्या पंधरा-सोळा अंशांच्या काठावर येतो. म्हणून प्रत्येक विमानाला एक किमान वेग असतो. त्याच्या खाली गेले की स्टॉल. पण हा किमान वेग पुस्तकात छापलेला एकच आकडा नसतो, तो परिस्थितीप्रमाणे वाढतो. विमानात वजन जास्त असेल तर तो वाढतो. विमान वळण घेण्यासाठी एका बाजूला कलले असेल तर वाढतो. तीस अंश कलले तर सुमारे सात टक्क्यांनी, पंचेचाळीस अंश कलले तर एकोणीस टक्क्यांनी, आणि साठ अंश कलले तर तब्बल एक्केचाळीस टक्क्यांनी. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे आकडे घरी जाऊन स्वतः काढून पाहावेत. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात उचल मिळते, एवढे सूत्र व थोडी त्रिकोणमिती पुरे आहे.

पक्ष्यांना ही विद्या उपजत येते. कावळा भिंतीवर येऊन बसतो तेव्हा नीट पाहा. शेवटच्या क्षणी तो अंग उभे करतो, शेपटी पसरतो, पंखांचा कोन एकदम वाढवतो, उचल सोडून देतो आणि अलगद टेकतो. म्हणजे तो जाणूनबुजून स्टॉल करतो, पण भिंतीपासून वीतभर अंतरावर. नवव्या शतकात अंदलुसमधील कुर्तुबा शहरी अब्बास इब्न फिर्नास नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी अंगाला पिसे व पंख लावून उड्डाण केले, बरेच अंतर तरंगले, पण उतरताना आपटले व पाठीला मार बसला, अशी हकीकत अल-मक्करी या इतिहासकाराने सतराव्या शतकात लिहिली आहे. पक्षी उतरताना शेपटी वापरतो हे त्यांच्या ध्यानात आले नाही, असे कारणही त्या हकीकतीत दिले आहे. एवढ्या शतकांनंतर लिहिलेल्या गोष्टीतला तपशील किती धरावा हा प्रश्नच आहे. पण दोष मात्र अचूक ठिकाणी दाखविला आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. आणि जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल यांची गोष्ट तर पक्की नोंदलेली आहे. दोन हजारांच्या आसपास उड्डाणे केलेला हा माणूस ९ ऑगस्ट १८९६ रोजी सुमारे पन्नास फुटांवर असताना त्याचा ग्लायडर असाच स्टॉल झाला, तो पडला, आणि दुसऱ्या दिवशी वारला. जेसिकाच्या अपघाताच्या शंभर वर्षे आधी.

पन्नास फूट हा आकडा लक्षात ठेवा. कारण स्टॉल म्हणजे मरणच, असे मुळीच नाही. उपाय अगदी साधा आहे. नाक खाली करायचे, म्हणजे पंखाचा कोन कमी होतो. इंजिनाची पूर्ण शक्ती द्यायची. पंख सरळ करायचे. हवा पुन्हा पंखाला चिकटते, वेग येतो, विमान पूर्ववत उडू लागते. पण एवढे होईपर्यंत विमान काही शेकडा फूट खाली आलेले असते. ते उंचावर असेल तर त्याचे काही बिघडत नाही. जमिनीपासून तीन-चारशे फुटांवर असेल तर उपाय माहीत असूनही तो करायला जागाच नसते. त्यातून माणसाचा स्वभाव असा की, जमीन अंगावर येताना दिसली की हात चाक मागे ओढतो, नाक वर करू पाहतो. नेमके तेच घातक. ज्याने वाचायचे ते करायला मन धजत नाही, आणि ज्याने मरायचे तिकडे हात आपोआप जातो. खाजगी व छोट्या विमानांच्या प्राणघातक अपघातांत विमानावरील ताबा सुटणे हे कारण वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले आहे, आणि त्यात कमी उंचीवरच्या स्टॉलचा वाटा मोठा आहे.

आता पुन्हा शायेनला जाऊ. आदल्या दिवशी सकाळी हाफ मून बेहून निघून, मध्ये दोन ठिकाणी उतरून, ही मंडळी संध्याकाळी शायेनला पोचली होती. दिवसभराचा प्रवास, त्याआधीच्या दिवसांतली मुलाखतींची गर्दी. थकवा आलाच असणार. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ६,१५६ फूट उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, ते सुमारे ५,४०० फूट. म्हणजे त्या विमानतळाची धावपट्टी कळसूबाईच्या माथ्याहून सात-साडेसातशे फूट वर. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. विरळ हवेत इंजिनाला दम लागतो, प्रॉपेलरची पकड कमी होते, आणि विमान रेंगाळत वर चढते. प्रशिक्षक अनुभवी होते, चौदाशेहून अधिक तासांचे उड्डाण त्यांच्या नावावर होते, पण त्यांचा सराव बहुतांशी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळचा, समुद्रसपाटीवरच्या दाट हवेतला. आपल्या विमानाने साधारण किती झपाट्याने वर चढावे याची सवय त्यांच्या हाताला आणि डोळ्याला तिकडची होती.

विमानात वजनही जास्त होते. फार नव्हे, ठरलेल्या मर्यादेपेक्षा सुमारे ९६ पौंड, म्हणजे एका सिमेंटच्या गोणीहूनही कमी. मर्यादा होती अडीच हजार पौंडांची. जवळजवळ चार टक्के जास्त वजन, आणि त्यामुळे स्टॉलचा वेग दोन टक्क्यांनी वर. दोन टक्क्यांनी काय होते, असे कोणीही म्हणेल. एकट्या त्यानेच असते तर कदाचित काहीच झाले नसते.

आणि समोरून वादळ येत होते. विजा, पाऊस, सोसाट्याचा उलटसुलट वारा. विमानतळावरील दृश्यता नेहमीच्या नियमांत बसण्याइतकी राहिली नव्हती, म्हणून निघण्यासाठी खास परवानगी मागून घ्यावी लागली. त्यांच्या थोडेच आधी एक दोन इंजिनांचे मोठे विमान उडाले होते. त्याच्या वैमानिकाने वाऱ्याच्या वेगात एकाएकी पंधरा नॉटचा फरक पडत असल्याचे कळविले, आणि नियंत्रण मनोऱ्याने ही सूचना जेसिकाच्या विमानालाही दिली. हवामान बिघडते आहे हे पाहून स्थानिक नभोवाणी केंद्रातील एका अधिकाऱ्याने या मंडळींना शायेनलाच मुक्काम करण्याचा आग्रह केला होता. वादळ यायच्या आत निघून जायचे आहे, असे म्हणून वडिलांनी तो नाकारला. पाहुणचार नाकारण्याचे असे प्रसंग आपल्याकडेही येतात. बहुतेक वेळा त्यात एका जेवणापलीकडे काही गमावलेले नसते.

विमान उडाले आणि लगेच उजवीकडे वळू लागले. पूर्वेकडे जायचे होते, वादळ टाळायचे होते. पाहणाऱ्यांनी नंतर सांगितले की ते फारच सावकाश चढत होते, नाक वर होते, पंख डुलत होते. वळताना कलल्यामुळे स्टॉलचा वेग आणखी वाढला. आणि येथे एक फसवी गोष्ट घडते, ती खाडीकाठच्या मुलांना चटकन कळेल. भरतीच्या पाण्याबरोबर जाणारी होडी काठावरून पाहिली तर भरधाव दिसते, पण पाण्याच्या मानाने तिचा वेग तेवढाच असतो. तसेच विमान वळून वाऱ्याच्या दिशेने जाऊ लागले की खालची जमीन झपाट्याने मागे पडताना दिसते आणि वेग भरपूर आहे असे वाटते. पंखाला जमिनीशी कर्तव्य नाही, त्याला हवेचा वेग हवा. तो कमी झालेला असतो. समोरच्या काचेवर पावसाचा मारा, क्षितिज दिसत नाही, विमान हेलकावे खाते आहे. अशा वेळी वेगदर्शकाच्या काट्यावर नजर खिळवून ठेवणे सोपे नसते. ते राहून गेले. विमान स्टॉल झाले आणि जवळजवळ सरळ नाक खाली करून पडले. उंची अवघी काहीशे फूट. सावरायला जागा नव्हती.

त्या क्षणी चाक कोणाच्या हाती होते? लहान मुलीने विमान पाडले, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले, आणि अजूनही कोणी म्हणते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून १९९७ साली अहवाल दिला. प्रशिक्षकाच्या हातांना झालेल्या जखमा व इतर पुरावा पाहून मंडळाने असा निष्कर्ष काढला की विमान प्रशिक्षकच चालवीत होते. म्हणजे मुलीला चालविता आले नाही म्हणून विमान पडले, ही समजूत खोटी. ते पडले ते एका प्रौढ, परवानाधारक, सुस्वभावी माणसाच्या हातून. बिघडत्या हवेत, जास्त वजन घेऊन, सवय नसलेल्या उंचीवर उड्डाण करण्याचा निर्णय अयोग्य होता आणि वेग राखला न गेल्यामुळे स्टॉल झाला, असे कारण मंडळाने नोंदविले. आणि त्याला जोडून आणखी एक वाक्य लिहिले, ज्यासाठी मी हा विषय घेतला. अतिमहत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा, व ती काही अंशी प्रसारमाध्यमांना दिलेल्या शब्दांमुळे, हीही या अपघाताला साहाय्यभूत झाली. विमान-अपघाताच्या तांत्रिक अहवालात पंख, इंजिन, वारा यांच्या शेजारी 'वेळापत्रक' येऊन बसावे, हे मला फार बोलके वाटते.

वेळापत्रकाने काय केले, तर थांबण्याची मुभा काढून घेतली. त्या दिवशी दोन-तीन तास थांबले असते तर वादळ निघून गेले असते. थांबण्याला पैसे लागणार नव्हते, शिक्षण लागणार नव्हते. पण पुढच्या गावी लोक जमणार होते, कॅमेरे येणार होते.

प्रशिक्षकाने नाही का म्हटले नाही? कायद्याने विमानाचे सर्वाधिकारी तेच होते. पण या फेरीचा खर्च, त्यांच्या वेळेचा मोबदला मुलीचे वडील देत होते. त्यांच्या मनात काय होते हे सांगायला ते आज नाहीत, म्हणून मी त्यांच्याबद्दल निवाडा देणार नाही. मात्र आपल्या गावात जे दिसते ते सांगतो. शिकवणीचा मास्तर, क्लासचा सर, हिफ्जला बसविलेल्या मुलाचा उस्ताद, क्रिकेटचा कोच, यांतला कोण वडिलांना तोंडावर सांगतो की, "साहेब, मुलाला एवढ्यात जमणार नाही, वर्षभर थांबा"? सांगणारे थोडेच, आणि सांगितले तर मुलाला दुसरीकडे नेले जाते. शिक्षकाला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार नुसता कागदावर असून चालत नाही, तो पालकांनी मनापासून दिलेला असावा लागतो. आपण एखाद्या शिक्षकाने असे सांगितल्यावर त्याचे आभार मानले आहेत काय, हे पालकांनी आठवून पाहावे.

वडिलांविषयीही कठोर बोलणे सोपे आहे. अपघातानंतर ते पुष्कळांनी केले. मला ते रुचत नाही. मुलीला त्या विमानात एकटे पाठवून ते घरी बसले नव्हते, स्वतः मागच्या आसनावर होते. त्यांचे प्रेम खोटे होते असे मानायला काहीच आधार नाही. मुलीलाही उडण्याची आवड होती. प्रेम होते, आवड होती, पैसा होता, अनुभवी शिक्षक होता, आणि तरीही. हे 'तरीही' मला जास्त अस्वस्थ करते. वाईट बाप असता तर आपण सगळे सुटलो असतो.

आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. १९९६ साली चित्रण करायला दूरचित्रवाणी कंपनी लागत होती. आता मुलाने पाचव्या वर्षी काय पाठ केले, सातव्या वर्षी कोणती मोटार चालविली, हे अब्बाच संध्याकाळपर्यंत गावभर आणि दुबई-कुवेतपर्यंत पोचवितात. दोन-चारशे लोकांनी शाबासकी दिली की पुढच्या आठवड्यात त्याहून मोठे काहीतरी दाखवावे लागते. मुलाला सायकल येण्याच्या आत त्याच्या मांडीवर स्कूटरचे हँडल आलेले मी आपल्याच रस्त्यांवर पाहतो, आणि मागे बसलेले काका हसत असतात.

या अपघातानंतर अमेरिकेत कायदा झाला. ऑक्टोबर १९९६ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत. ज्याच्याकडे वैमानिकाचा परवाना व वैद्यकीय दाखला नाही, अशा कोणालाही विक्रम करण्यासाठी किंवा शर्यतीसाठी विमानाची सूत्रे हाती धरू देऊ नयेत, असा तो कायदा आहे. त्यात लहान मुलांना शिकण्याची बंदी केलेली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुलगी प्रशिक्षकाशेजारी बसून, हवा चांगली असताना, चाक धरून शिकली तर कायद्याला हरकत नाही. हरकत विक्रमाला आहे.

आणखी एक गैरसमज आजच दूर करतो, नाहीतर घरी गेल्यावर एखादी दादी नातीला म्हणायची, "बघ, विमानाचे नाव काढू नकोस, पाहुण्यांनी काय सांगितले ते ऐकलेस ना." मुलींनी विमान चालवू नये, असा या गोष्टीचा अर्थ काढू नये. सरला ठकराल यांनी १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जिप्सी मॉथ विमान एकटीने उडविले. आज भारतात स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून पुष्कळ जास्त आहे. या सभागृहातील एखाद्या मुलीच्या मनात ते असेल तर तिने मला समारंभानंतर जरूर भेटावे.

आपल्याकडे विद्यार्थी वैमानिकाचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो, खाजगी वैमानिकाचा सतराव्या, व्यावसायिक वैमानिकाचा अठराव्या. त्याआधीची वर्षे वाया जात नाहीत. गणित, पदार्थविज्ञान, इंग्रजी बोलण्याचा सराव, डोळ्यांची काळजी, हे सारे जमिनीवरच करण्याचे आहे, आणि त्याला कोणी फोटोग्राफर येत नाही. मग कधीतरी उड्डाण-शाळेत नाव घातले जाते. तिथे सुरुवातीच्या धड्यांत एक धडा असतो, तो ऐकून पालक दचकतात. विद्यार्थ्याला मुद्दाम स्टॉल करायला शिकवितात. सकाळची शांत हवा पाहून विमान तीन-चार हजार फुटांवर नेले जाते. खाली, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करण्यासाठी एक पूर्ण वळसा घेतात. मग प्रशिक्षक इंजिनाची शक्ती कमी करायला सांगतो, विद्यार्थी हळूहळू नाक वर करीत जातो, वेगदर्शकाचा काटा घसरत येतो, चाक हाताला ढिले लागू लागते, आणि स्टॉलच्या थोडे आधी इशाऱ्याचा भोंगा वाजतो. आता मागे ओढायचे नाही, पुढे ढकलायचे. पहिल्या वेळी कोणाचाच हात पुढे जात नाही. प्रशिक्षक शेजारी बसून शांतपणे म्हणतो, "पुढे." विमान दोनतीनशे फूट खाली येते, सावरते, आणि पुन्हा तेवढेच वर नेऊन तोच धडा दुसऱ्यांदा घेतला जातो.